दोषारोपापासून दाखल्यापर्यंत

नवी मुंबईच्या जुईनगर स्थानकावरून पनवेलच्या गाडीत बसले म्हणजे चौथे स्थानक खारघरचे लागते. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रात काम करणारी, सिकंदराबादला मुख्यालय असलेली जी राष्ट्रीय संस्था आहे, तिची प्रादेशिक शाखा या खारघरात असून, त्या संस्थेने सिद्ध केलेला चाळीस विधानांचा एक तक्ता आज स्वमग्नतेच्या, म्हणजे घरोघरी ज्याला ऑटिझम म्हणतात त्या अवस्थेच्या, सरकारी दाखल्याचा आधार होऊन बसला आहे. मूल नजरेला नजर देत नाही, हसण्याला हसून उत्तर देत नाही, माणसांत असूनही अलिप्त राहते, अशा विधानांपासून तो सुरू होतो; सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, भाषा व संभाषण, वर्तनाचे प्रकार, संवेदना आणि आकलन असे त्याचे सहा विभाग आहेत; आणि प्रत्येक विधान मुलाला क्वचित लागू पडते की सदासर्वदा, हे पाहून तपासनीस त्यापुढे एकापासून पाचापर्यंत गुण मांडतो. बेरीज सत्तरच्या आत राहिली तर स्वमग्नता नाही; ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असा तो हिशेब आहे.

रक्त काढले नाही, मेंदूचे चित्र घेतले नाही, आणि केवळ निरीक्षण व आईवडिलांची जबानी एवढ्या भांडवलावर मुलाच्या नावापुढे शेरा पडला, हे पाहून पुष्कळ पालक बिचकतात. त्यांचा संशय स्वाभाविक असला तरी अनाठायी आहे. स्वमग्नता ही अवस्था वर्तनावरूनच निश्चित केली जाते, आणि तिचे निदान करील अशी रक्ताची चाचणी जगात कोठेही नित्य वापरात आलेली नाही. श्रवणाची तपासणी किंवा मेंदूचा आलेख सांगितला जातो, तो बहिरेपणा, फेफरे यांसारख्या दुसऱ्या गोष्टींचा निकाल लावण्यासाठी. तेव्हा ‘यंत्र कोठे आहे?’ असे विचारण्यापेक्षा, पाहणारा पारखी आहे काय आणि त्याने मुलाला पुरेसा वेळ पाहिले आहे काय, असे विचारणे अधिक उपयोगाचे असते. त्या चाळीस विधानांमागे जवळजवळ शंभर वर्षांचा शोध उभा आहे, आणि त्या शोधाची कथा ही जितकी मुलांची आहे तितकीच, किंबहुना अधिक, त्यांच्या मातापित्यांची आहे.

दोष कोणाचा?

मॉस्कोत काम करणाऱ्या ग्रुन्या सुखारेवा या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९२५ मध्ये अशा सहा मुलग्यांचे वर्णन करून ठेवले होते. परंतु जगाचे लक्ष वेधले गेले ते १९४३ साली, बॉल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली तेव्हा. माणसांशी भावनेचा संबंध जोडण्याची अक्षमता ही मुले जन्मतःच घेऊन आली असावीत, असे कॅनर यांनी त्या निबंधात सुचविले होते, आणि त्यांनी तेथेच लेखणी ठेवली असती तर पुढचा पुष्कळ अनर्थ टळला असता. पण त्या अकरा मुलांचे आईबाप बहुतेक सुशिक्षित, आपल्या उद्योगात गढलेले आणि कोरडे आहेत, हेही त्यांच्या नजरेत भरले, आणि काही वर्षांतच त्यांच्याच लेखणीतून पालकांच्या थंडपणाची भाषा उतरू लागली. ज्या घरांना बॉल्टिमोरच्या नामांकित वैद्यापर्यंत पोहोचण्याची ऐपत होती तीच घरे त्यांना दिसत होती, हा साधा तर्क त्या काळी फारसा कोणी केला नाही. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये या मताचा ग्रंथ केला आणि आईच्या मायेचा अभाव हेच रोगाचे मूळ ठरवून टाकले. एका सबंध पिढीतील मातांनी मुलाचे दुःख सोसले आणि वर त्या दुःखाचे कारणही आपणच आहोत असा निकाल ऐकून घेतला.

हा निकाल फिरविला तोही एका पालकानेच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलाच्या सेवेतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध पुराव्याची छाननी करून, ही अवस्था मज्जासंस्थेच्या घडणीतून उद्भवते, संगोपनातून नव्हे, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात मांडले, आणि विशेष हे की त्याला प्रस्तावना कॅनर यांनी लिहिली. पुढे १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे पालकांच्या सभेसमोर कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. इंग्लंडात लॉर्ना विंग या डॉक्टर बाईंनी, ज्यांची कन्या स्वमग्न होती, १९६२ मध्ये इतर पालकांसह स्वमग्न मुलांसाठी तेथील राष्ट्रीय संस्था स्थापन केली, आणि १९७९ मध्ये ज्युडिथ गुल्ड यांच्यासह लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांची पाहणी करून दाखवून दिले की कॅनर यांच्या वर्णनात नेमकी बसणारी मुले थोडी आणि त्याच्या आसपास घोटाळणारी कितीतरी अधिक असतात. आज आपण स्वमग्नतेला एक विस्तृत पट्टा मानतो, ती कल्पना या पाहणीतून रुजली.

शास्त्राने फेटाळलेली मते समाजाच्या दप्तरात मात्र दीर्घकाळ पडून राहतात. बेटेलहाइम यांचे नावही ज्याने ऐकलेले नाही असा शेजारी, जुईनगरच्या एखाद्या सोसायटीत जिना उतरताना, “दोघंही नोकरीला, मग पोराशी बोलणार कोण?” असे सहज म्हणून जातो, तेव्हा तो शिकागोचाच सिद्धांत मराठीत सांगत असतो. नोकरीच्या जागी हल्ली मोबाइल आला आहे. पडद्यापुढे तासन्‌तास बसवलेल्या लहान मुलाची भाषा मागे पडू शकते, आणि पडदा आवरणे हिताचेच आहे. परंतु त्यावरून आईने मुलाला स्वमग्न केले असे म्हणणे हा जुनाच आरोप नव्या कागदावर लिहिणे होय.

रक्ताचे नाते आणि आकड्यांचा अर्थ

आरोपाला खरे उत्तर मिळाले ते जुळ्या भावंडांकडून. सूझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. भिन्न बीजांच्या दहा जोड्यांत तसे एकदाही घडले नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेली असताना हा फरक पडला, म्हणजे कारण संगोपनापलीकडचे असले पाहिजे. पुढे मोठ्या नमुन्यांवरही तोच निष्कर्ष दृढ झाला. पाच देशांतील नोंदींवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के आला. मात्र त्यासाठी एखादा एकच जनुक जबाबदार नाही. २०२० मध्ये पस्तीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या जनुकसामग्रीवरून झालेल्या शोधात १०२ जनुकांची नावे पुढे आली, आणि त्याखेरीज प्रत्येकी अल्पस्वल्प परिणाम करणाऱ्या असंख्य जनुकभेदांचाही हातभार असतो. डोंगरउतारावरच्या लहानमोठ्या झऱ्यांनी मिळून ओढा व्हावा, आणि त्यातला अमुक झराच ओढ्याचा उगम असे म्हणता येऊ नये, तसा हा प्रकार आहे.

कुटुंबाच्या दृष्टीने या संशोधनाचे दोन अर्थ निघतात. पहिला असा की, ‘कोणाच्या घराण्यातून आले’ हा माहेर-सासरचा वाद व्यर्थ आहे. कित्येकदा हा जनुकबदल आईबापांपैकी कोणातही नसतो आणि मुलात नव्यानेच उत्पन्न होतो. दुसरा व्यवहाराचा: एक मूल स्वमग्न असेल तर पाठच्या भावंडातही स्वमग्नता आढळण्याची शक्यता, मोठ्या अभ्यासांनुसार, साधारणपणे पाचात एक असते. हा आकडा भीती घालण्यासाठी नाही. धाकट्याकडे पहिल्या वर्षापासून डोळसपणे पाहता यावे यासाठी आहे. जनुकांची तपासणी केल्यास काही थोड्या मुलांत निश्चित कारण सापडते. बहुसंख्य मुलांत ते सापडत नाही, आणि ते न सापडल्याने निदान खोटे ठरत नाही.

आकड्यांविषयीचा दुसरा गोंधळ वाढत्या संख्येचा. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत २००० साली १५० मुलांमागे एक असे प्रमाण होते. २०२२ साली ते ३१ मुलांमागे एक झाले. यामागे व्याख्या रुंदावणे, पूर्वी मतिमंद किंवा विचित्र म्हणून सोडून दिलेल्या मुलांची नोंद होऊ लागणे आणि डॉक्टर व शिक्षक सजग होणे, ही फार मोठी कारणे आहेत. आपल्याकडे पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघाले. म्हणजे हजार मुलांच्या शाळेत अशी दहाएक मुले असावीत. एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर ती दिसत नसतील, तर ती ओळखली गेलेली नाहीत किंवा तिथे घेतलीच गेलेली नाहीत.

लसीचा प्रश्न थोडक्यात उरकता येतो. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवराच्या एकत्रित लसीकडे बोट दाखविले. २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या बाबतीत वाढीव धोका मुळीच आढळला नाही. गोवराची भीती मात्र खरी आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि परिसरात आलेल्या साथीने ती मुंबईला पुन्हा दाखवून दिली.

गोव्यातील घरांत झालेला प्रयोग

प्रयोगशाळेतील शोध कुटुंबाच्या मनावरचे ओझे हलके करतात. परंतु उद्या सकाळी मुलाशी कसे वागायचे, हे ते सांगत नाहीत. ते सांगणाऱ्या संशोधनात आपल्या भागातील एका प्रयोगाचे मोल फार मोठे आहे. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांनी पालकांमार्फत उपचाराची एक पद्धत बसविली होती आणि १५२ मुलांवरील तिच्या परीक्षेचा वृत्तान्त २०१० मध्ये प्रसिद्ध केला होता. पद्धत चांगली, पण ती राबविणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळत नाहीत. तेव्हा १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने, रावळपिंडीतील सहकाऱ्यांसमवेत, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले आणि २ ते ९ वर्षांच्या एकंदर ६५ मुलांच्या बाबतीत ही पद्धत अजमावून पाहिली. सहा महिन्यांत बारा बैठका, आणि त्याही शक्यतो घरीच.

बैठकीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. आई मुलासंगे जमिनीवर बसून खेळते आणि कार्यकर्ती त्या खेळाचे काही मिनिटे चित्रण करते. मूल खेळण्यातली गाडी उलटी धरून तिचे चाक फिरवीत बसलेले असते. आई, आपले कर्तव्य म्हणून, “हा रंग कुठला? सांग बरं! गाडी कशी जाते? इकडे बघ ना!” असा प्रश्नांचा मारा करीत राहते, आणि मूल अधिकच पाठ फिरविते. मग दोघी मिळून ते चित्रण पाहतात. कार्यकर्ती चूक दाखवीत नाही; जेथे मुलाने क्षणभर मान वर करून आईकडे पाहिले, नेमका तोच क्षण ती थांबवून दाखविते आणि विचारते, “इथे तुम्ही काय करत होता, ताई?” बहुधा त्या क्षणी आई गप्प झालेली असते, किंवा तीही चाकाकडेच पाहत असते. पुढच्या खेळात आई थांबायला शिकते, मुलाचे लक्ष जेथे आहे तेथे आपले लक्ष नेते, “फिरलं!” एवढा एकच शब्द टाकते, आणि वाट पाहते.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त या प्रयोगाचा निकाल आला. मुलाच्या लयीशी जुळवून घेण्याचे आईबापांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले आणि मुलांनी स्वतः होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. एकाच वस्तूवर दोघांचे लक्ष खिळून राहण्याचा काळ मात्र वाढला तर नाहीच, उलट घटला, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्वच्छपणे नमूद केले. सहा महिन्यांत मूल ‘बरे’ झाले असा दावा कोठेही नाही. परंतु ज्या आईला एकेकाळी शास्त्राने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तिलाच या प्रयोगाने उपचाराचा मुख्य आधार केले, आणि त्यासाठी महागड्या केंद्राची नव्हे, तर घरी येणाऱ्या शिकवून तयार केलेल्या बाईची गरज आहे हे सिद्ध केले. जुईनगरसारख्या वस्तीत, जेथे सकाळच्या गाडीने गेलेला माणूस रात्री परततो, या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

बोलेल का? आणि कोणत्या भाषेत?

मूल उशिरा बोलू लागले तर आजी धीर देते, “याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते.” हा धीर प्रेमापोटी असला तरी त्यात मोलाची वर्षे जातात. दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवीत नसेल, नावाने हाक मारली असता वळत नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखविणे शहाणपणाचे. उलट, चार वर्षे उलटली म्हणजे सारे संपले, ही निराशाही निराधार आहे. भाषेत फार मागे असलेल्या ५३५ स्वमग्न मुलांच्या २०१३ मधील अभ्यासात, चौथ्या वर्षानंतर ७० टक्के मुले शब्द जोडून बोलू लागली आणि ४७ टक्क्यांना अस्खलित भाषा आली. जे बोलत नाहीत त्यांच्यासाठी चित्रांच्या साहाय्याने म्हणणे मांडण्याची साधने आहेत. पवईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे असेच एक साधन, मराठीतही उपलब्ध. चित्रे हाती दिल्यास मूल बोलायचा आळस करील, या शंकेला संशोधनाने आधार दिलेला नाही.

यापेक्षा आपल्या घरांशी अधिक निगडित असा सल्ला भाषेचा. घरी मराठी, जिन्यात हिंदी आणि शाळेत इंग्रजी ही नवी मुंबईची नित्याची स्थिती. आणि मूल स्वमग्न ठरताच अनेक पालकांना, घोटाळा नको म्हणून घरातही फक्त इंग्रजी बोला, असे सुचविण्यात येते. माँट्रियल येथील ७५ स्वमग्न मुलांच्या २०१२ मधील अभ्यासात एकभाषी व द्विभाषी मुलांच्या भाषाविकासात तसा फरक आढळला नाही. मग ज्या इंग्रजीत आईला रागवता येत नाही, आजीला लाड करता येत नाहीत, ती घरावर लादून मुलाला आपल्याच माणसांच्या बोलण्यापासून तोडणे, याला शास्त्राचा आधार नाही आणि व्यवहाराचाही नाही.

उपचारांचा बाजार आणि कायद्याची कचेरी

जेथे निश्चित औषध नाही तेथे अनिश्चित औषधांचा बाजार फोफावतो. विशिष्ट आहार, प्राणवायूच्या बंद कोठड्या, शरीरातील धातू काढण्याची इंजेक्शने आणि सर्वांत खर्चिक म्हणजे स्टेम सेल. धातू काढण्याच्या उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. स्टेम सेलविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, काही रक्तविकारांसारखे मान्य अपवाद सोडता, परीक्षणाबाहेर असा उपचार करण्यास मनाई केली. आणि २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नाही असे सांगून, त्याचा प्रचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. दागिने गहाण टाकून असा उपचार करणाऱ्या आईबापांना हसू नये. पण कोणी पैसे मागितले तर, हे परीक्षण आहे काय, नैतिकता समितीची मंजुरी कोठे आहे आणि परीक्षण असूनही शुल्क का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

कायद्याने मात्र बरीच मजल मारली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नतेचा त्यांत उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नाव दिले, आणि २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस करून त्यांत तिचा समावेश केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी अशी तरतूद आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत वैद्यकीय खर्चाचे संरक्षण आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी विसरू नये अशी बाब ही की, अठरावे सरताच आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपते, आणि जेथे गरज असेल तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. जुईनगरकरांना रोजच्या मार्गदर्शनासाठी दोन स्थानकांवर, वाशीत, महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ई.टी.सी. केंद्र आहे. दाखल्याने मुलावर छाप बसेल या भीतीने अर्जच न करणारे पालक, छाप टाळत नाहीत; फक्त हक्क सोडतात.

प्रौढांचा प्रश्न

स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, असे मत १९८५ पासून प्रभावी होते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला: न कळणे हे दुतर्फी आहे, इतरांनाही स्वमग्नांचे मन कळत नाही. पुढे २०२० मधील एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगण्याच्या साखळ्या लावल्या गेल्या. केवळ स्वमग्नांची साखळी इतरांइतकीच नीट चालली, गळती झाली ती मिश्र साखळीत. जुहूच्या अर्पण या उपाहारगृहात स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेले प्रौढ २०१८ पासून काम करीत आहेत. तेथे ग्राहकालाही थोडे थांबायला, नेमके बोलायला शिकावे लागते, आणि तो शिकतो.

असे असले तरी जगातील संशोधनाचा पैसा अजून बव्हंशी जनुके आणि मेंदू यांवर खर्च होतो, प्रौढ आयुष्यावर फारच थोडा. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न ज्या पालकांना रात्री जागवितो, त्यांना आणखी एका जनुकाच्या शोधाने झोप लागणार नाही. म्हणून संशोधन कोणत्या दिशेने व्हावे हे ठरविताना पालकांनी आणि स्वमग्न प्रौढांनी आपली मागणी मांडली पाहिजे. रिमलँड आणि विंग यांच्यापासून पाहिले तर या क्षेत्रातील मोठी वळणे घरातूनच आली आहेत. मूल असे का झाले, याचे उत्तर प्रयोगशाळेने द्यायचे आहे आणि ती आपल्या गतीने देत आहे. ते पन्नाशीला पोहोचेल तेव्हा कोठे राहील, कोणते काम करील आणि कोणाबरोबर जेवेल, याचे उत्तर शाळा, महानगरपालिका आणि शेजार यांनी द्यायचे आहे. आणि ते देण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.